रद्दीत गेलेली फाईल

१९९९ सालच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट. जयंती आठ दिवसांवर आली होती आणि आमच्या वस्तीत घरोघरी चुना देणे चालू होते. मी नववीची परीक्षा देऊन मोकळा होतो. मायने घरातले सगळे सामान अंगणात काढले आणि मला म्हणाली, "जुन्या वह्या-पुस्तकं रद्दीवाल्याला देऊन टाक, जे येतील त्यातून तुझी जयंतीची वर्गणी भर." मी वह्या बांधल्या. पत्र्याच्या पेटीच्या तळाशी सुतळीने बांधलेली जाड पुठ्ठ्याची एक फाईल होती. आत सगळे इंग्रजीत टाइप केलेले कागद, कडा पिवळ्या पडलेल्या, काही ठिकाणी जांभळे शिक्के. आबांच्या पलटणीतले जुने हिशेब असतील असे मला वाटले. रद्दीला किलोमागे तीन रुपये भाव होता आणि फाईल वजनाला बरी होती. मी तीही टाकली.

आज मी एका शाळेत लिपिक आहे. लोकांचे दाखले, जन्मतारखा, जातीचे पुरावे काढून देणे हे माझे रोजचे काम. एखादा म्हातारा चाळीस वर्षांपूर्वीच्या जनरल रजिस्टरमधली स्वतःची नोंद पाहायला येतो तेव्हा मला ती फाईल आठवते. त्या फाईलीत माझ्या वडिलांची पेन्शन होती, हे मला कळायला पंधरा वर्षे लागली. आपल्या घरांत माजी सैनिक पुष्कळ आहेत. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, त्या वेळेपासून कोणाचा आजा, कोणाचा मामा, कोणाचा भाऊ लष्करात गेलेला आहे. म्हणून हे लिहितो आहे. आमच्या घरात झालेली चूक तुमच्या घरात होऊ नये एवढाच हेतू आहे.

आमचे आबा १९८३ च्या जून महिन्यात पायदळात भरती झाले. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून त्यांना पूर्ण तंदुरुस्त ठरवले होते. पाच वर्षे सगळे ठीक चालले. १९८८ मध्ये त्यांची पलटण श्रीलंकेत गेली, वर्षभराने परत आली. १९९० च्या पावसाळ्यात उत्तरेकडच्या एका चौकीवर रात्रीचा पहारा करताना त्यांना पहिल्यांदा फेफरे आले. हातातली बंदूक पडली, जीभ दाताखाली सापडली. चार महिन्यांनी पुन्हा तसेच झाले. मग लष्करी इस्पितळ, गोळ्या, हलके काम, पुन्हा इस्पितळ. शेवटी मेडिकल बोर्ड बसले आणि ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांना घरी पाठवण्यात आले. नऊ वर्षे चार महिने नोकरी झाली होती. दहा वर्षांना आठ महिने कमी, म्हणून साधी अशक्त पेन्शनही नाही. थोडीफार ग्रॅच्युइटी हातात आली, ती आत्याच्या लग्नात गेली.

बोर्डाने अपंगत्व २० टक्के धरले होते. परंतु १९९३ साली वरून पत्र आले की हा रोग लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही, तो शरीराच्या घडणीतलाच आहे, सबब अपंगत्व पेन्शन देता येत नाही. पत्र इंग्रजीत होते. गावातल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी ते वाचले, "नामंजूर" एवढे सांगितले आणि घडी घालून परत दिले. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते की हा निर्णय मान्य नसेल तर सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल. तो परिच्छेद आमच्या घरात कोणीही वाचला नाही. मी तो पहिल्यांदा वाचला २०१५ साली.

अपील न करण्याचे दुसरेही एक कारण होते आणि ते सांगायला आजही संकोच वाटतो. फेफरे हा आपल्याकडे लपवायचा आजार समजला जातो. गावात कोणी म्हणे बाहेरची बाधा आहे, कोणी म्हणे लंकेतून काहीतरी घेऊन आला. एक नातलग तर भगताकडे न्या म्हणून मागे लागला होता. आजोबा बावीस प्रतिज्ञा पाठ असलेले गृहस्थ, त्यांनी त्या नातलगाला दारातून परत पाठवले. पण त्याच आजोबांनी घरात ताकीद दिली की आजाराचे नाव बाहेर काढायचे नाही, पोरीचे लग्न व्हायचे आहे. देवभोळेपणा आम्ही सोडला, लाज मात्र सोडली नाही. "आबा पलटण सोडून का आले?" असे कोणी विचारले तर "शेताकडे पाहायला कोणी नव्हते" असे सांगायचे. आम्हाला शेत दीड एकर, तेही कोरडवाहू.

पुढे आबा जळगावला आले. माजी सैनिक म्हणून पहारेकऱ्याची नोकरी मिळाली असती, पण तिथे वैद्यकीय दाखला मागत. तो द्यायचा म्हणजे आजार सांगणे आले. म्हणून ते डाळ मिलमध्ये हमाली करू लागले. पाठीवर पोते असताना फेफरे आले तर काय, या विचाराने माय दिवसभर दारात बसून असायची. दोनदा तसे झालेही. दुसऱ्या वेळी खांदा निखळला. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या नेमाने सुरू झाल्या तेव्हा कुठे थोडे स्थिर झाले.

२०१४ मध्ये आमच्या विहारात येणारे एक निवृत्त हवालदार सहज बोलता बोलता म्हणाले की सुप्रीम कोर्टाने एका फेफऱ्याच्या जवानाला पेन्शन दिली आहे. मी सायबर कॅफेत जाऊन निकाल काढला. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार, २ जुलै २०१३. वाचताना माझे हात थरथरत होते. हा जवान सिग्नल दलात १९८५ साली भरती झालेला, नऊ वर्षे नोकरी झालेला, फेफऱ्यामुळे १९९४ साली घरी पाठवलेला, २० टक्के अपंगत्व, आणि उत्तरही तेच, की रोग शरीराच्या घडणीतला आहे. नाव बदलले तर आमच्या आबांचाच कागद.

कोर्टाने काय सांगितले ते साध्या भाषेत सांगतो, कारण सगळा खटला याच्यावर उभा राहतो. जवान भरती होताना लष्कराचे डॉक्टर त्याला तपासतात. त्या वेळी रोगाची नोंद केली नसेल तर तो निरोगी होता असे धरले पाहिजे. नंतर रोग झाला तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरले पाहिजे. तसे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची आहे, जवानाची नाही. आणि रोग भरतीच्या वेळी ओळखता येण्यासारखा नव्हता असे बोर्डाला म्हणायचे असेल तर त्याची कारणे बोर्डाने लिहिली पाहिजेत, नुसता शिक्का मारून चालणार नाही. शंका राहिली तर तिचा फायदा जवानाला.

मी घरी येऊन आबांना हे सांगितले. ते जेवत होते. ताट बाजूला सारून म्हणाले, "मी काय भीक मांगस का?" खानदेशी माणूस चिडला की घरातल्या बोलीवर येतो. मी म्हटले, आबा, ही भीक नाही, हा पगाराचाच भाग आहे, तुम्ही कमावलेला. ते उठून गेले. आठ दिवस आमचे बोलणे बंद होते. मायने मला बाजूला घेऊन विचारले, "तुझ्या बहिणीच्या सासरी धुळ्याला कळलं तर?" बहिणीच्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

आठ दिवसांनी आबांनीच विचारले, "कागद कोणते लागतील?" तेव्हा मी १९९९ सालची रद्दीची गोष्ट सांगितली. तोपर्यंत घरात कोणाला माहीत नव्हते. आबा काही बोलले नाहीत. माय उठली आणि तिच्या लग्नाच्या लुगड्याच्या घडीतून एक छोटे पुस्तक काढून आणले. डिस्चार्ज बुक. ते तिने वेगळे ठेवले होते, कारण त्यात आबांचा गणवेशातला फोटो होता.

या डिस्चार्ज बुकावर लष्कराचा नंबर, भरतीची तारीख, घरी पाठवल्याची तारीख आणि कोणत्या कारणाने पाठवले ते लिहिलेले असते. एवढे हाती असेल तर बाकीचे कागद मिळवता येतात. मी माहिती अधिकार कायद्याखाली आबांच्या नावाने त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केला. केंद्र सरकारच्या कार्यालयाला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्जात मोघम "सर्व कागद द्या" असे लिहिले नाही. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, इस्पितळात दाखल केल्याच्या नोंदी, शेवटच्या मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही, ज्याला ए.एफ.एम.एस.एफ. १६ क्रमांकाचा फॉर्म म्हणतात, आणि पेन्शन नाकारल्याचे पत्र, असे एकेक नाव घेऊन मागितले. कागद आले. त्यातच ते १९९३ चे पत्र आणि त्यातला तो शेवटचा परिच्छेद.

येथे एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. पेन्शन न मिळालेल्या जवानांचे कागद लष्करात कायम ठेवत नाहीत. पंचवीस वर्षांनंतर ते नष्ट करण्याचा नियम आहे. आबांची पंचवीस वर्षे २०१७ साली भरणार होती. आम्ही दोन वर्षे आधी पोहोचलो, हे केवळ त्या हवालदार साहेबांच्या गप्पांमुळे. ज्यांच्या घरी पेन्शनशिवाय परत आलेला माणूस आहे त्यांनी बाकी काही करण्याआधी हा एक अर्ज करावा. पुढे लढायचे की नाही ते नंतर ठरवता येईल.

कागद वाचताना मला कळले की बोर्डाच्या फॉर्मवर तीन ओळींचे मत होते, कारण एकही नव्हते. भरतीच्या तपासणीत फेफऱ्याचा उल्लेख नव्हता. पहिले फेफरे कोठे आले, किती वाजता, ते मात्र चौकीवरच्या नोंदीत व्यवस्थित होते. कोण्या अनोळखी नायकाने ते लिहून ठेवले होते. त्या माणसाचे उपकार आहेत आमच्यावर.

मधल्या काळात मी एक मूर्खपणा केला तोही सांगून टाकतो. एका एजंटाने "वर ओळख आहे, तीन महिन्यांत काम करतो" असे सांगितले आणि मी त्याला पाच हजार रुपये दिले. बी.कॉम. झालेला माणूस, पावती घेतली नाही. त्याने एक छापील अर्ज भरला, त्यात आबांचा नंबरही चुकवला, आणि नंतर फोन उचलणे बंद केले. अपंगत्व पेन्शनच्या कामात कोणाचीही ओळख चालत नाही. चालतो तो कागद. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय जळगावलाही आहे, धुळ्यालाही आहे. तिथे माजी सैनिकाची व विधवेची नोंद होते, ओळखपत्र मिळते, अर्ज पुढे पाठवण्यासाठी मदत मिळते. आधी तिथे जावे.

आम्ही अपील केले. उशीर झाला म्हणून २०१६ मध्ये ते फेटाळले गेले. मग सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे अर्ज केला. हे न्यायाधिकरण २००७ सालच्या कायद्याने झाले आणि २००९ पासून काम करते आहे. त्याआधी जवानाला हायकोर्टाशिवाय दार नव्हते. न्यायाधिकरणापुढे माणूस स्वतः उभा राहू शकतो, वकील असलाच पाहिजे असे नाही. पण आम्ही वकील घेतला, आणि तोही आधी पैसे देऊन. फुकट मिळतो हे मला नंतर कळले. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, कोणत्याही स्त्रीला आणि अपंगाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, म्हणून आपली माणसे यात बसतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, तिथे साधा अर्ज करायचा. २०२५ च्या जुलैमध्ये तर सैनिक कार्यालयांमध्येच कायदेशीर मदत केंद्रे चालवण्याची योजना सुरू झाली आहे. आपल्या जिल्ह्यात ते केंद्र कोणत्या वारी असते, ते विचारून घ्यावे.

मुंबईला तारखेला जाताना मी, आबा आणि माय रात्रीच्या गाडीने निघालो. मायने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. चाळीसगाव आले तेव्हा आबा जागेच होते. मला म्हणाले, "बाबासाहेबांचा पाय इथंच मोडला होता ना?" मला नवल वाटले, कारण आबा वाचन करणाऱ्यांपैकी नाहीत. १९२९ सालची ती हकिगत. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते, धुळे मार्गावरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करायला. परतताना चाळीसगावला उतरले. टांगेवाल्यांनी त्यांना न्यायला नकार दिला, म्हणून आपल्याच एका माणसाने, ज्याला टांगा हाकता येत नव्हता, लगाम हातात घेतला. पुलावर टांगा उधळला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. मी आबांना म्हटले, कामावर असतानाच झालेली इजा आहे ही. आबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले. नंतर म्हणाले, "त्यांनी लिहून ठेवलं म्हणून आपल्याला माहीत. नाहीतर कोण सांगत होतं?"

२०१८ मध्ये निकाल लागला. रोग सेवेमुळे बळावला असे धरून अपंगत्व पेन्शन मंजूर झाली. २० टक्के अपंगत्व ५० टक्के म्हणून धरण्यात आले. हा पूर्णांकाचा नियमही पुष्कळांना ठाऊक नसतो. ५० च्या आत असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००, असे धरतात. १९९६ पासून तो घरी पाठवलेल्या जवानांना होता. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो लागू आहे, असे राम अवतार यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने १० डिसेंबर २०१४ रोजी सांगितले.

आता वाईट भाग. थकबाकी अर्ज केल्याच्या मागील तीनच वर्षांची मिळाली. तरसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालापासून उशिरा आलेल्यांना न्यायालये सहसा एवढेच देतात. आम्ही जुलै २०१६ मध्ये अर्ज केला, म्हणजे जुलै २०१३ पासूनचे पैसे. मी हिशेबाचा माणूस. रात्री कागद घेऊन बसलो. नोव्हेंबर १९९२ ते जून २०१३, दोनशे अठ्ठेचाळीस महिने. त्या महिन्यांची पेन्शन गेली. त्याच महिन्यांत आबांनी पोती वाहिली, बहिणीने बारावीनंतर शिक्षण सोडले, मायच्या दोन बांगड्या मोडल्या. १९९३ चे पत्र कोणी शेवटपर्यंत वाचले असते तर? किंवा मी फाईल उघडून एखाद्या शिक्षकांना दाखवली असती तर? नववीतल्या पोराला काय कळणार, असे माय म्हणते. मला ते पटते आणि पटतही नाही.

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी मी विहारात बसतो. जळगाव, भुसावळ, पारोळा, धुळे, साक्रीकडून माणसे येतात. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, पण अडते तिथेच, कागदावर. कागद हाती आले की दोन प्रश्न विचारायचे. इजा किंवा रोग सेवेमुळे झाला अथवा बळावला का? आणि अपंगत्व २० टक्के किंवा अधिक आहे का? दोन्हींचे उत्तर होय असेल तरच पुढे जाता येते. ज्याला लष्कराने स्वतःच अपंग म्हणून घरी पाठवले त्याचे टक्के २० पेक्षा कमी दाखवले असले तरी निराश होऊ नये. सुखविंदर सिंग यांच्या २०१४ च्या निकालात कोर्टाने म्हटले आहे की ज्याला नोकरीतून काढावे लागले त्याचे अपंगत्व २० च्या वरच समजले पाहिजे.

धुळ्याचे एक भाऊ आले. सुटीवर घरी येताना चाळीसगावला धुळ्याची पॅसेंजर पकडताना पाय घसरून चाकाखाली गेला, अर्धे पाऊल गेले. हलक्या कामावर मुदत पूर्ण केली, साधी पेन्शन मिळते, पण अपंगत्वाचा भाग नाही, कारण "तो सुटीवर होता". मदनसिंग शेखावत यांच्या १९९९ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले आहे की मंजूर सुटीवर घरी जाण्याचा प्रवास कामावर असल्यासारखाच समजावा. मात्र सुटीत बहिणीच्या घरी जिन्यावरून पडलेल्या जवानाचा दावा त्याच कोर्टाने २०१५ मध्ये नाकारला आहे. म्हणजे प्रवासातला अपघात वेगळा आणि घरातला वेगळा. या भाऊंकडे सुटीचा पास आहे, रेल्वे पोलिसांचा पंचनामा आहे. त्यांचे काम होईल असे मला वाटते. निकाल अजून यायचा आहे.

एका आयाबाईंचे यजमान कालकथित झाले. रेकॉर्डमध्ये बाईंचे माहेरचे नाव, आधार कार्डावर लग्नानंतर ठेवलेले नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल होती, तिचा असा त्रास होतो. लष्करात लग्नाची, मुलांची नोंद भाग दोन आदेशाने होते. ती नोंद झाली आहे का, नाव व जन्मतारीख बरोबर आहे का, हे जवान हयात असतानाच पाहून घ्यावे. नंतर प्रतिज्ञापत्रे, राजपत्र, तहसीलचे दाखले यांत वर्ष जाते. पेन्शनचे काम आता स्पर्श या संगणकीय व्यवस्थेवर चालते, त्यातही नाव जुळावे लागते आणि दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. भगिनींनो, हे काम पुरुषांवर सोडू नका. आमच्या घरात डिस्चार्ज बुक वाचले ते मायमुळे.

आणि जे आज सेवेत आहेत त्यांना माझे विशेष सांगणे आहे. गुडघा दुखतो, कानात आवाज येतो, रक्तदाब वाढला, रात्री झोप लागत नाही, हे सांगितले तर बढती जाईल, पोस्टिंग जाईल म्हणून आपली पोरे लपवतात. निवृत्तीच्या तपासणीत "काही तक्रार नाही" वर सही करतात आणि दोन वर्षांनी माझ्याकडे येतात. मग मी काय करणार? ज्या आजाराची सेवेत असताना एकही नोंद नाही तो सेवेतला आहे हे सिद्ध करणे फार अवघड. शिवाय नियमही बदलत आले आहेत. १९८२ च्या नियमांत जवानाच्या बाजूने जे गृहीत धरले जात होते ते पुढच्या नियमांत तसे राहिले नाही. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना तर नवेच नियम आहेत. म्हणून धरमवीर सिंगांचा निकाल खिशात आहे एवढ्यावर आजच्या जवानाने विसंबू नये. दुखले की आजारपणाच्या रजिस्टरात नोंद करा, इजा झाली की इजेचा अहवाल तयार होतो की नाही ते पाहा, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत घरी पाठवा.

आबांची पहिली पेन्शन २०१९ मध्ये जमा झाली. पासबुकावर नोंद करून आणली तेव्हा त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि मायच्या हातात दिले. त्या रविवारी आम्ही बसने धुळ्याला बहिणीकडे गेलो. एरंडोल, पारोळा मागे गेले तरी आबा काही बोलले नाहीत. जेवणे झाल्यावर त्यांनी व्याह्यांसमोर स्वतःच विषय काढला, की मला फेफऱ्याचा आजार आहे, त्यामुळे पलटणीतून घरी आलो, आता त्याची पेन्शन सुरू झाली आहे. व्याही म्हणाले, "आम्हाला सोयरीक जुळली तेव्हापासून माहीत आहे, आबासाहेब." माय पदराने तोंड झाकून हसली की रडली ते मला समजले नाही.

पत्र्याची पेटी अजून आहे. तीत आता निकालाची प्रत, पेन्शनचा आदेश आणि डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहानंतर विहारात यावे. मूळ कागद घरीच ठेवा, झेरॉक्सच्या दोन प्रती आणा, आणि मंडळी असतील तर त्यांनाही बरोबर आणा.